सहावा महिना, पोट दिसतंय आणि गुरुवारी मुलाखत: आधी सांगू की नको?

अनवट
मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.
बावीस आठवडे पूर्ण झालेत. गेल्या महिन्यात कंपनीने आमची अख्खी टीमच बंद केली, तेव्हा आधीची नोकरी पोटामुळे गेलेली नाही. नवीन ठिकाणी दोन फेऱ्या व्हिडिओवर झाल्या आणि चांगल्या झाल्या. कॅमेऱ्यात खांद्यांपर्यंतच दिसतं, त्यामुळे विषय निघालाच नाही. आता गुरुवारी शेवटची फेरी आहे, समोरासमोर, तीन जणांच्या पॅनलपुढे. पोट आता कुठल्याच कपड्यात लपत नाही.
आधी मेल करून सांगू? की सरळ आत जाऊ आणि काय दिसायचं ते दिसू दे? नवरा म्हणतो सांगून टाक. आई म्हणते ऑफर हातात पडेपर्यंत तोंड उघडू नकोस. मला मात्र रात्री झोप लागत नाही ती एकाच विचाराने, की दोन फेऱ्या मी लपवाछपवी केली असं त्यांना वाटलं तर?
काम मला मनापासून आवडलंय. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

कवडसा
लपवलंस कुठे? त्यांनी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. गुडघा दुखतो हे सांगितलं होतंस का? मग हेही नाही. आधी हे ओझं उतरव डोक्यावरून.

रानजाई
मी गेले होते सातव्या महिन्यात. कसं करू नये तेवढं नक्की सांगू शकते.
मी ठरवलं होतं काही बोलायचं नाही. सैलसर कुर्ता घातला, वर ओढणी, आणि हातात जाडजूड फाइल. आत शिरल्यापासून ती फाइल पोटासमोर धरून बसले. पाऊण तास. उजव्या हाताला मुंग्या आल्या, तरी खाली ठेवायची हिंमत होईना. मधेच बाळाने अशी लाथ मारली की फाइल हलली. समोरच्या बाईंनी फाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग चटकन लॅपटॉपकडे. त्यानंतर त्यांनी वर पाहिलंच नाही. पुढचे सगळे प्रश्न कीबोर्डला विचारल्यासारखे.
नोकरी मिळाली नाही. पोटामुळेच असं मी म्हणणार नाही, कारण त्या पाऊण तासात मी धड एक उत्तर दिलं नव्हतं. माझं सगळं लक्ष त्या फाइलवर होतं. दुसरीकडे गेले तेव्हा बसल्या बसल्या सांगितलं, "मी सात महिन्यांची गरोदर आहे, अमुक तारीख दिलीय, शेवटी त्याबद्दल बोलूच, आधी कामाचं बोलूया." खोलीतली हवाच बदलली. तिथेच पुढे चार वर्षं काम केलं.
म्हणून सांगते, त्यांच्यासाठी नको, तुझ्यासाठी सांग. डोकं मोकळं राहतं.

भिंगरी
रानजाई, ती फाइल डोळ्यांसमोर उभी राहिली गं. आणि बाळाने बरोबर वेळ साधून बाजू मांडली की!

धूमकेतू
दुसरी बाजू लिहितो. रागावलात तरी चालेल, पण खरं लिहितो.
आमची चौदा जणांची कंपनी आहे. मुलाखती मीच घेतो. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली. आनंदच आहे, माझ्या बहिणीला त्याचा उपयोग झाला. पण त्या २६ आठवड्यांचा पूर्ण पगार मालकाने द्यायचा, आणि त्या जागी दुसरा माणूस घेतला तर त्याचाही. मोठ्या कंपनीला हे जाणवतही नाही. चौदा जणांत एक माणूस सहा महिने नसणं म्हणजे काय, ते पगाराच्या तारखेला कळतं.
अनवट यांना घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण मुलाखत घेणाऱ्याच्या मनात हा हिशेब चालू असतो, हे गृहीत धरूनच आत जा. माझा सल्ला: आधी मेल करा. खोलीत गेल्यावर अचानक दिसलं तर माणूस गडबडतो आणि त्या गडबडीत तुमचं काम बाजूला राहतं.

टाचणी
धूमकेतू, प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून प्रामाणिकपणे उत्तर देते. हाच हिशेब युरोपात एकदा कोर्टापर्यंत गेला होता.
१९८१ साल. नेदरलँड्समध्ये डेकर नावाच्या बाईंनी एका प्रशिक्षण केंद्रात शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. निवड समितीला त्यांनी स्वतःहून सांगितलं की मला तीन महिने झालेत. समितीने तरीही सर्वांत योग्य उमेदवार म्हणून त्यांचंच नाव पुढे केलं. केंद्राने नकार दिला. कारण काय, तर रजेच्या काळातले पैसे विमा कंपनी भरून देणार नव्हती आणि बदली शिक्षक घेणं परवडणार नव्हतं. म्हणजे शब्दशः तुमचाच हिशेब.
प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर १९९० मध्ये निकाल लागला: गरोदर आहे म्हणून नोकरी नाकारणं हा थेट लिंगभेद, आणि पैशाचं नुकसान हे त्याचं समर्थन होऊ शकत नाही. त्या जागेसाठी आलेल्या सगळ्या उमेदवार बायकाच होत्या, म्हणून भेदभाव कसा, हाही युक्तिवाद टिकला नाही. गरोदरपणामुळे नाकारलं जाणं बाईच्याच वाट्याला येतं, एवढं पुरेसं धरलं.
तुमची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण तिची किंमत समोर बसलेल्या पोटुशी बाईने का भरायची?

धूमकेतू
टाचणी, तिनेच भरावी असं माझंही म्हणणं नाही. मग कोणी भरायची, एवढंच विचारतो.

टाचणी
सगळ्यांनी मिळून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०००चा मातृत्व संरक्षण करार (क्रमांक १८३) तेच सांगतो: रजेचे पैसे सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून यावेत, एकट्या मालकावर भार टाकू नये. कारण भार एकट्यावर टाकला की तो नोकरी देतानाच हात आखडता घेतो, हे करार लिहिणाऱ्यांनाही दिसत होतं. त्याच करारात असंही आहे की नोकरी देताना गरोदरपणाची चाचणी मागू नये. बाईच्या किंवा बाळाच्या आरोग्याला धोका असलेल्या कामांपुरता अपवाद आहे. तुमच्यासारख्या छोट्या मालकांनी आणि आमच्यासारख्या बायकांनी हे एकत्र मागायला हवं. आपण इथे एकमेकांशी भांडतोय.

धूमकेतू
हे मान्य. मनापासून.

एकतारा
मी पॅनलवर बसतो, गेली आठ-नऊ वर्षं. एक चूक सांगतो जी मला अजून टोचते.
एक उमेदवार आली, स्पष्ट दिसत होतं. मी ठरवलं की विषय काढायचा नाही, तोच सभ्यपणा. पण न काढता मी काय केलं? नेहमी विचारतो तो प्रश्न, "येत्या वर्षात इथे काय उभं करायला आवडेल?", तिला विचारलाच नाही. तिला अवघड वाटेल म्हणून गाळला. सोपे सोपे प्रश्न विचारले, वीस मिनिटांत संपवलं, दारापर्यंत सोडायला गेलो. आणि गुण देताना लिहिलं, "दूरदृष्टी दिसली नाही." कशी दिसणार? मी संधीच दिली नव्हती. हे लक्षात आलं तोवर दुसऱ्याला ऑफर गेली होती.
तेव्हापासून प्रश्न आधी कागदावर लिहून नेतो आणि सगळ्यांना तेच विचारतो, एकही गाळत नाही.
अनवट, म्हणून तू स्वतः विषय काढलास तर माझ्यासारख्यांवर उपकार होतील. आणि कोणी प्रश्न सोपे करतंय असं वाटलं तर "पुढच्या वर्षाचं माझ्या डोक्यात असं आहे" म्हणून तूच सुरू कर.

रानजाई
एकतारा, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. त्या लॅपटॉपकडे बघणाऱ्या बाईही कदाचित सभ्यपणाच करत असतील. इतकी वर्षं मी उलटंच धरून चालले होते.

शिंपला
सगळे सांगू-नको-सांगू मध्ये अडकलेत. मला वेगळीच काळजी वाटतेय. अनवट, ८० दिवसांचं माहीत आहे ना?
आपल्या १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात अट होती: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत, *त्या मालकाकडे*, किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम झालेलं हवं. तरच पगारी रजेचा हक्क. त्याच्या जागी आलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ८० दिवस तसेच आहेत. जुन्या कंपनीतले दिवस इथे चालत नाहीत.
आता बोटं मोजू. तुझे बावीस आठवडे झाले, चाळीसला अठरा उरले. पाच दिवसांचा आठवडा असेल तर ८० दिवसांना सोळा आठवडे लागतात. म्हणजे तुझ्या हातात दोन आठवडे आहेत. त्यांनी "पुढच्या महिन्याच्या एक तारखेला या" म्हटलं की गेलं!
आणि सोळा आठवडे म्हणजे अगदी तारखेपर्यंत कामावर. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे आधी घेता येतात, पण घ्यायलाच हवेत असं नाही. सगळे नंतर घेता येतात. कायद्याने पगारी सुट्टी ठरलेले दिवस ८० मध्ये धरतात, आजारपणाची रजा मात्र मी तरी धरून चालणार नाही. हे २६ आठवडे पहिल्या दोन मुलांपर्यंत, त्यापुढे १२.
मी हे स्वतःच्या चुकीतून शिकले. माझे ७१ भरले होते. नऊ दिवस कमी. रजा मिळाली, पगार मिळाला नाही. ऑफर आली त्या दिवशी कॅलेंडर उघडलं असतं तर दोन आठवडे लवकर जॉइन झाले असते. मी घरात पडदे शिवत बसले होते.

अनवट
शिंपला, हे मला अजिबात माहीत नव्हतं. नवऱ्याला उठवून कॅलेंडर मोजायला बसवलंय.

सांजवात
मी ब्रिटनमध्ये आहे, इथे फरक असा की रजा आणि रजेचा पगार या दोन वेगळ्या गोष्टी. ५२ आठवड्यांची रजा नोकरदार म्हणून पहिल्या दिवसापासून हक्काची. पण कायद्याचा मॅटर्निटी पगार मिळायला तारखेच्या आधीच्या पंधराव्या आठवड्यापर्यंत त्याच मालकाकडे सलग २६ आठवडे व्हायला लागतात. म्हणजे गरोदर असताना नवीन नोकरी धरली तर तो बहुतेक हुकतोच. मग सरकारकडून मॅटर्निटी अलाउन्स मिळतो, त्यात आधीच्या मालकाकडचे आठवडेही चालतात. मला तोच मिळाला. मैत्रीण अमेरिकेत आहे, तिथे १९७८ पासून गरोदरपणावरून नोकरी नाकारायला बंदी आहे, पण केंद्रीय कायद्याची १२ आठवड्यांची रजा बिनपगारी, आणि तीही त्या मालकाकडे १२ महिने झाल्यावर. जिथे असाल तिथलं "किती दिवसांनी काय" एवढं आधी शोधून काढा.

कवडसा
आणि कराराची, कंत्राटी नोकरी असेल तर? माझ्या वहिनीला सांगितलंय की करार संपला की रजाही संपली.

टाचणी
कवडसा, सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२३ चा निकाल दाखव त्यांना. कंत्राटी डॉक्टर होत्या, करार मधेच संपत होता. न्यायालयाने सांगितलं की अटी पूर्ण झाल्या असतील तर पूर्ण लाभ द्यायचा, कराराच्या मुदतीपलीकडेही.
आणि "विचारलं नाही तर सांगू नको" वरून आठवलं. विचारलं तरी काय काय विचारावं यालाही मर्यादा आहे. एलआयसीच्या भरतीच्या फॉर्ममध्ये पूर्वी बायकांना पाळीच्या तारखा, गर्भपात, सगळं लिहून मागायचे. एका महिलेला प्रोबेशनमध्ये काढलं, कारण पाळीची तारीख चुकीची दिली म्हणे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं आणि ते रकाने काढून टाकायला सांगितलं.

उंबरठा
आणि तीस वर्षांनी, २०२२ च्या जानेवारीत, स्टेट बँकेचा तीन महिन्यांहून जास्त गरोदर उमेदवार "तात्पुरती अपात्र" असा नियम समोर आला होता. इतका ओरडा झाला की त्याच महिन्यात मागे घेतला. म्हणजे ओरडलं की फरक पडतो.
मी डॉक्टर आहे, तेव्हा थोडं माझ्या बाजूचं. अनवट, जॉइनिंगच्या आधी मेडिकल करतात त्यात बऱ्याच ठिकाणी छातीचा एक्स-रे असतो. छापील यादीवर सगळ्यांना सारखाच. मशीनजवळ जाण्याआधी तोंडाने सांग की गरोदर आहे. पोट दिसतंय म्हणून त्यांच्या लक्षात येईल असं धरू नकोस. छातीच्या एक्स-रेत बाळापर्यंत पोचणारा डोस अगदी नगण्य असतो, झाला असेल तर कोणी घाबरू नये. पण नोकरीच्या फॉर्मसाठी काढायची गरज नाही, पुढे ढकलता येतो. तुझ्या डॉक्टरांची चिठ्ठी ने.
मुलाखतीचं म्हणशील तर लिफ्ट नसेल तर दहा मिनिटं आधी पोच आणि दम खाऊन मग आत जा. सहाव्या महिन्यापासून बोलता बोलताच धाप लागते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की घाबरलीय. वाक्यं छोटी ठेव. आत जाण्याआधी बाथरूमला जा, जायचं नसलं तरी. टेकायला पाठ नसलेली खुर्ची दिली तर बदलून माग.

भिंगरी
मला सातव्या महिन्यात खोल सोफ्यावर बसवलं होतं. मुलाखत उत्तम झाली, पण उठताना दोन जणांनी हात दिला, आणि त्यातला एक पुढे माझा बॉस झाला! खुर्चीचं शंभर टक्के खरं आहे.

कवडसा
मी अजून म्हणते मेल नको. मेल केला की त्यांना दोन दिवस विचार करायला मिळतात, आणि "ती जागाच होल्डवर गेली" असं उत्तर लिहायला दोन मिनिटं लागतात. समोर बसलेल्या माणसाला होल्डवर टाकणं अवघड असतं. आत जा, पहिल्या पाच मिनिटांत सांग.

एकतारा
कवडसाशी सहमत. मीही असे मेल एचआरकडे पुढे गेलेले पाहिलेत.

धूमकेतू
मी मेल म्हणालो होतो, पण हे वाचून मत बदललं. मेलच्या उत्तरात "होल्ड" लिहिणं सोपं असतं, कवडसा बरोबर बोलल्या.
एक भर घालतो. सांगताना नुसतं गरोदर आहे असं सांगून थांबू नका. रजेपर्यंत काय पूर्ण कराल, मागे कोणाला काय शिकवून जाल, परत केव्हा याल, हे चार वाक्यांत सांगा. मघाशी मी ज्या हिशेबाबद्दल लिहिलं तो मालक मनातल्या मनात एकटाच करतो आणि दरवेळी वाईटात वाईट धरूनच करतो. तुम्ही आकडे दिलेत तर त्याला ते मनाने भरावे लागत नाहीत.

शिंपला
आणि ऑफर आलीच तर ८० दिवसांचं लेखी घे. कायद्यापेक्षा जास्त द्यायला कंपनीला कोणी अडवत नाही. "दिवस कमी पडले तरी पगारी रजा देऊ" एवढी एक ओळ ऑफर लेटरमध्ये. तोंडी नको.

अनवट
पंधरा दिवसांनी येतेय, माफ करा. सगळं सांगते.
मेल केला नाही. गुरुवारी आत गेले, बसले आणि रानजाईचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं बोलले. फाइल मुद्दाम शेजारच्या खुर्चीवर ठेवली. तिघांपैकी एक जण लगेच म्हणाले, "ठीक, धन्यवाद", आणि पहिला प्रश्न विचारला. दुसऱ्यांनी मधेच वाक्य तोडून "पण मग प्रोजेक्टचं..." एवढंच म्हटलं. मला तेच हवं होतं. रात्री बसून केलेला एक कागद होता, सोळा ओळी, एका आठवड्याला एक. कुठल्या आठवड्यात काय संपेल आणि कुठल्या आठवड्यापासून मागच्याला शिकवायला घेईन. तो त्यांच्यासमोर ठेवला. नंतरची वीस मिनिटं आम्ही त्या कागदावरच भांडत होतो. सातव्या आठवड्यात ते टेस्टिंग होणारच नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांचं बरोबर होतं. त्या वीस मिनिटांत पोटाची आठवण खोलीत कोणालाच नव्हती, मलाही नाही.
सोमवारी ऑफर आली. जॉइनिंग एक तारखेला! शिंपला, तुझं नाव घेऊन किंचाळले. एचआरच्या मुलीला फोन केला. तिला ८० दिवसांचं ठाऊकच नव्हतं, पण तिने ऐकून घेतलं, विचारून सांगते म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी फोन आला. परवा सोमवारी जॉइन होतेय. चोवीस आठवडे झालेत, बरोबर सोळा उरलेत. इथे पहिला आणि तिसरा शनिवार कामाचा आहे, त्यामुळे सहा-सात दिवस हाताशी राहतात. तरी ती ओळ मागितली आणि ऑफर लेटरमध्ये आलीय. चार वेळा वाचली.
काल मेडिकल झालं. यादीवर तिसऱ्या नंबरला छातीचा एक्स-रे होता. आतला मुलगा मान खाली घालून नुसता नंबर पुकारत होता. मी दारातच सांगितलं. त्याने मान वर केली, "अरे, हो ताई," म्हणाला आणि यादीवर काट मारली.

उंबरठा
ती काट वाचून फार बरं वाटलं. तारखेच्या जवळ कामावर असशील, तेव्हा पाय सुजले, डोकं दुखलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर ८० दिवस मोजत बसू नकोस, सरळ डॉक्टरांकडे जा. ती ओळ आहे ना लेखी.

शिंपला
सोमवारपासून कॅलेंडरवर रोज एक फुली मार. मीही इथे मारते.